खेळासाठीचा संगणक : सातारा-सांगलीकडच्या एका खरेदीचा इतिहास

मराठी घरांत टेबलाखाली किंवा टेबलाशेजारी जी उभी पेटी असते, तिला ‘सीपीयू’ म्हणण्याचा प्रघात आहे. ‘सीपीयू खाली ठेव’, ‘सीपीयूवर धूळ बसली आहे’ ही वाक्ये आपण सर्वांनी ऐकली आणि उच्चारलीही आहेत. वस्तुतः सीपीयू म्हणजे त्या पेटीच्या आतली, तळहाताच्या मध्यभागी मावेल एवढी चकती. पेटीत तिच्याखेरीज मदरबोर्ड असतो, मेमरी असते, डिस्क असते, विजेचा पुरवठा सांभाळणारा डबा असतो आणि असलेच तर चित्र रंगवणारे ग्राफिक्स कार्ड असते. अलंकारशास्त्र शिकवणाऱ्यांना येथे लक्षणेचे अगदी पाठ्यपुस्तकी उदाहरण सापडेल : अवयवाच्या नावाने अवयवीचा निर्देश. बोलण्यातली ही सोय निरुपद्रवी राहिली असती, तर तिच्याविषयी लिहिण्याचे कारण नव्हते. पण सातारा आणि सांगली ह्या दोन जिल्ह्यांत गेली तीसेक वर्षे घराघरांत संगणक आले, तेव्हा मोजक्या पैशांतला मोठा वाटा कोणत्या भागावर खर्च व्हावा हे बव्हंशी ह्याच लक्षणेने ठरवले, असे आमचे मत आहे. आणि जे संगणक मनातून खेळासाठी घेतले गेले होते, त्यांचे सर्वाधिक नुकसानही तिनेच केले.

हा लेख त्या खरेदीविषयी आहे. साहित्याच्या विद्यार्थ्यांना असल्या विषयाशी काय कर्तव्य, असा प्रश्न कोणी विचारील. त्यावर आमचे म्हणणे एवढेच की दुकानदाराने लिहून दिलेले कोटेशन हा मजकूरच आहे. तो कसा वाचावा हे न कळल्यामुळे कित्येक कुटुंबांची कारखान्याकडून आलेली उसाची पहिली उचल किंवा भिशीची रक्कम चुकीच्या ओळीवर खर्च झाली आहे.

तयार वस्तू आपल्या मापाने जुळवून घेणे ही ह्या भागाला नवी गोष्ट नाही. मिरजेच्या तंतुवाद्यांच्या बाजारात हे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून चालत आले आहे. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांतून फरीदसाहेबांसारखे कारागीर सतार-तंबोऱ्याकडे वळले आणि हा व्यवसाय उभा राहिला. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. तेथे गाणारा दुकानात येतो तेव्हा तंबोरा बहुधा तयारच असतो. भोपळा वाळलेला, दांडी बसवलेली, रोगण झालेले. गायकाने आपली पट्टी सांगायची, काळी एक की काळी चार, आणि मग त्या पट्टीच्या तारा चढवून कारागीर जवारी काढतो, म्हणजे घोडीचा पृष्ठभाग घासून तार नेमकी कशी झणकारावी ते बसवून देतो. वस्तू तयार, पण शेवटचा हात गिऱ्हाइकाच्या गळ्याप्रमाणे. ‘कस्टमाइझ्ड प्रीबिल्ट’ ह्या आजच्या जाहिरातीतल्या जोडशब्दाचा अर्थ कोणाला समजावून सांगायचा झाला, तर ह्याहून चांगले उदाहरण आम्हांला सुचत नाही.

दुसरे उदाहरण किर्लोस्करवाडीचे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानातल्या कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर कारखाना हलवला. आज ती जागा सांगली जिल्ह्यात येते. लोखंडी नांगराने जमीन विषारी होते असा समज शेतकऱ्यांत होता आणि सुरुवातीचे मोजके नांगर खपायलाही वर्षे लागली, ही हकिकत सुपरिचित आहे. साताऱ्याकडे धनजीशा कूपर ह्यांच्या सातारारोडच्या कारखान्यातही पुढे लोखंडी नांगर होऊ लागले. साहित्याच्या वाचकाला अधिक जवळची गोष्ट अशी की यंत्र गिऱ्हाइकाला समजावून सांगण्याच्या गरजेतूनच १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ निघाले. शं. वा. किर्लोस्करांच्या संपादनाखाली त्याचेच पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले, आणि त्याच घरातून ‘स्त्री’ व ‘मनोहर’ ही मासिके निघाली. मराठी नियतकालिकांच्या इतिहासातला एक मोठा प्रवाह अवजारांच्या माहितीपत्रकातून उगम पावला आहे, हे आपण सहसा लक्षात ठेवत नाही. यंत्र विकायचे तर त्याचे वर्णन करणारी भाषा आधी घडवावी लागते, हे वाडीच्या मंडळींना उमगले होते.

संगणकाच्या बाबतीत अशी भाषा कोणी घडवली नाही. ती मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून पार्सलांबरोबर आयती आली.

राजीव गांधींच्या सरकारने १९८४ च्या नोव्हेंबरात संगणकविषयक नवे धोरण जाहीर केले, १९९१ नंतर आयातीवरची बंधने सैलावली, आणि १९९७ मध्ये भारत जागतिक व्यापार संघटनेच्या माहिती-तंत्रज्ञान करारात सामील झाल्यावर संगणकाच्या सुट्या भागांवरचे आयातशुल्क टप्प्याटप्प्याने उतरत २००५ पर्यंत शून्यावर आले. ह्या तीन तारखांचा परिणाम असा झाला की नामांकित कंपनीचा बंद संगणक आणि सुटे भाग आणून गावात जोडलेला संगणक ह्यांच्या किमतींत मोठी दरी पडली. पहिल्याला ‘ब्रँडेड’ म्हणत, दुसऱ्याला ‘असेंबल्ड’. ब्रँडेड संगणक बँकांनी, पतसंस्थांनी आणि साखर कारखान्यांनी घ्यावा; घरात यायचा तो असेंबल्ड. सांगलीच्या विश्रामबागेत किंवा साताऱ्याच्या राजपथावर कोणाचे तरी छोटे दुकान असे, दुकानात एक स्क्रू-ड्रायव्हर घेतलेला मुलगा असे, आणि संगणक बिघडला तर तोच मुलगा घरी येत असे. गिऱ्हाईक त्याला भाग विचारत नसे; फार तर ‘चांगला बसवा’ एवढेच म्हणे. म्हणजे निवड भागांची नव्हतीच, ती माणसाची होती. मिरजेत तंबोरा घेणाराही लाकडापेक्षा कारागीर निवडतो, हे खरे. पण तो आपली पट्टी सांगतो. संगणक घेणाऱ्या मुलाला आपली पट्टी सांगण्याची सोय नव्हती.

कारण संगणक घरात यायचा तो ‘अभ्यासासाठी’. सांगलीत वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ पासून आहे, कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० पासून, आणि अभियंता होण्याची आकांक्षा ह्या दोन जिल्ह्यांतल्या मध्यम शेतकरी व नोकरदार घरांत पिढीजात म्हणावी इतकी मुरलेली आहे. २००१ मध्ये महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन स्थापन झाले, एमएस-सीआयटीचा अभ्यासक्रम तालुक्यांच्या गावी पोचला, सरकारी नोकरीला तो आवश्यक ठरला आणि संगणक ही प्रतिष्ठेची, किंबहुना नैतिक वस्तू बनली. दहावीच्या टक्क्यांचे बक्षीस म्हणून ती मिळे. मुलाच्या मनात ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ असे, ‘रोड रॅश’ असे. तोंडी ‘सी लँग्वेज’ असे. वडिलांना हे कळत नसे असे मानण्याचे कारण नाही. दोन्ही पक्ष एक सभ्य संकेत पाळत होते.

ह्या संकेताची किंमत मात्र कोटेशनात उतरे. वडील जो कागद वाचणार, त्यावरची पहिली ओळ त्यांना पटायला हवी, आणि ती ओळ ‘पेंटियम’ ही असे. ह्या नावाची जन्मकथा भाषेच्या अभ्यासकाने ध्यानात ठेवण्याजोगी आहे. ३८६, ४८६ असे नुसते आकडे व्यापारचिन्ह म्हणून राखता येत नाहीत असे अमेरिकी न्यायालयात ठरल्यावर इंटेलने पाचव्या पिढीसाठी ग्रीक ‘पेंटे’वरून नाव घडवून घेतले आणि १९९३ मध्ये ते बाजारात आणले. ‘इंटेल इनसाइड’ची मोहीम त्याआधी १९९१ पासून सुरूच होती. एका अवयवाची जाहिरात थेट गिऱ्हाइकाकडे करायची, म्हणजे ते अवयवी त्याच नावाने मागेल, हा त्या मोहिमेचा सारांश. आपल्याकडे लक्षणा भाषेत आपोआप रुजली असे वाटते खरे. पण तिच्या मुळाशी पाणी घालणारे हात बरेच होते.

तेव्हा २००३ च्या सुमाराचे ठराविक कोटेशन असे दिसे : पेंटियम फोर, १२८ एमबी रॅम, ४० जीबी हार्ड डिस्क, १५ इंची मॉनिटर, सीडी ड्राइव्ह, कॅबिनेट ‘एसएमपीएससह’, आणि शेवटी कोठेतरी ‘ग्राफिक्स ऑनबोर्ड’. पहिल्या ओळीवर बजेटचा मोठा तुकडा जाई. शेवटच्या ओळीचा अर्थ असा की चित्र रंगवणारे वेगळे कार्ड नाही. मदरबोर्डवरचीच एक गरीब सोय मुख्य मेमरीतला हिस्सा उसना घेऊन ते काम करील. पत्रे टंकायला, सीडीवरचा ज्ञानकोश पाहायला ती पुरेशी होती. खेळाला नव्हती. खेळात सेकंदाला तीसचाळीस वेळा नवे चित्र काढायचे असते, आणि १९९६ मध्ये थ्रीडीएफएक्सचे व्हूडू कार्ड आल्यापासून व १९९९ मध्ये एनव्हिडियाचे जीफोर्स २५६ आल्यापासून हे काम मुख्य चकतीकडून काढून वेगळ्या कार्डाकडे देण्याचा प्रघात पक्का झाला होता. म्हणजे ज्या वर्षांत आपल्याकडचे बजेट पहिल्या ओळीवर ओतले जात होते, त्याच वर्षांत खेळाचा भार शेवटच्या ओळीवर सरकला होता.

‘प्रिन्स ऑफ पर्शिया’च्याच दोन अवतारांकडे पाहिले की हे स्पष्ट होते. १९८९ चा पहिला खेळ एका फ्लॉपीवर मावे आणि कोणत्याही कार्यालयीन संगणकावर चाले. २००३ मध्ये ‘द सँड्स ऑफ टाइम’ आला तेव्हा त्याच्या डब्यावर अट होती : जीफोर्स ३ किंवा त्यापुढचे कार्ड हवे; मात्र जीफोर्स ४ एमएक्स चालणार नाही. चार ही संख्या तिनाहून मोठी, मग चालणार का नाही? कारण नाव ‘४’ असले तरी आतली रचना जीफोर्स २ च्या कुळातली होती, आणि पृष्ठभागावरच्या प्रकाशछटा आज्ञेनुसार बदलण्याची जी शक्ती जीफोर्स ३ मध्ये होती ती तिच्यात नव्हती. स्वस्त म्हणून ४ एमएक्स घेणारे देशभर पुष्कळ होते. आकड्याने फसवणारे हे पहिले कार्ड नव्हते, शेवटचेही ठरले नाही.

त्याच काळातली दुसरी दुर्लक्षित ओळ म्हणजे ‘कॅबिनेट एसएमपीएससह’. विजेचा डबा कॅबिनेटबरोबर फुकट आल्यासारखा येई. त्याच्यावर साडेचारशे वॅट असे लेबल असे आणि आत तेवढा दम असेलच असे नाही. २००५ नंतरची दोनतीन वर्षे महाराष्ट्रात भारनियमनाची गेली. ज्या सातारा जिल्ह्यातल्या कोयनेने राज्याला दिवे दिले, त्याच जिल्ह्यातल्या खेड्यांत तासन्‌तास अंधार असे. वीज जाताना आणि येताना जो दाब चढउतरे, तो सोसणारा भाग हाच डबा. तो गेला तर एकटा जात नसे, मदरबोर्डालाही घेऊन जाई. ‘संगणक जळाला’ हा त्या वर्षांतला घरगुती वाक्प्रचार ह्यातून आला. यूपीएस हा वेगळा खर्च होता आणि बजेट पहिल्या ओळीत संपलेले असे.

येथे क्षणभर खेळ ह्या शब्दापाशी थांबावेसे वाटते. मराठीत नाटकाचा खेळ असतो, सिनेमाचा खेळ असतो, कुस्ती हाही खेळ, सोंगट्या हाही खेळ. ज्या सांगलीत चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’ उभे केले, तेथे खेळाला राजाने पैसा दिला होता. चिंतामणराव १८५१ मध्ये निवर्तले, आश्रय आटला आणि भाव्यांना मंडळी घेऊन गावोगाव तिकीट लावावे लागले. मराठी रंगभूमी धंदेवाईक झाली ती अशी बजेटच्या ओढाताणीतून. सातारा जिल्ह्याची कथा कुस्तीची. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला गेले ते लोकांनी जमवलेल्या पैशांवर, आणि कांस्यपदक घेऊन आले. खेळासाठी पदरचे पैसे मोडणे ह्या भूमीला लज्जास्पद वाटत नव्हते. मात्र तो खेळ चारचौघांत, आखाड्यात वा रंगमंचावर व्हायला हवा. बंद खोलीत, एकट्याने, पडद्याकडे पाहत खेळायच्या खेळाला ह्या परंपरेत जागा नव्हती, म्हणून त्याला अभ्यासाच्या पांघरुणाखाली यावे लागले. हे पांघरूण काढले असते तर संगणक स्वस्त झाले नसते. त्याच पैशांत योग्य झाले असते.

चारचौघांतला खेळ संगणकालाही मिळाला, पण सायबर कॅफेत. कॉलेजांच्या आसपास तासावर पैसे घेऊन जोडलेल्या यंत्रांवर ‘काउंटर-स्ट्राइक’ चाले. तेथे मुलांना प्रथमच कळले की घरच्या पेंटियमवर अडखळणारा खेळ येथल्या कमी नावाच्या चकतीवर सुरळीत चालतो, कारण आत कार्ड आहे. आमच्या मते ह्या भागातल्या खरेदीचे व्याकरण बदलले ते वर्तमानपत्रांतल्या संगणक-पुरवण्यांनी नव्हे, ह्या कॅफेंनी. पुढे मोबाईलने कॅफे मोडले. २०१८ पासून ‘पबजी’ खेड्यापाड्यांत पोचला, २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्राने त्यावर बंदी घातली, आणि मोबाईलवर तयार झालेला खेळाडू मोठ्या पडद्याकडे पाहू लागला. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ई-स्पोर्ट्सला बहुविध क्रीडास्पर्धांचा भाग म्हणून मान्यता दिली. हांगझाऊच्या आशियाई स्पर्धांत २०२३ मध्ये त्यांना पदकेही होती. पांघरुणाची गरज निदान कागदोपत्री संपली.

नेमक्या त्याच वर्षांत बाजार उलटा झाला. आभासी चलनाच्या खाणकामासाठी ग्राफिक्स कार्डे घाऊक उचलली जाऊ लागली. २०१७-१८ मध्ये एकदा, आणि महासाथीच्या टंचाईत मिसळून २०२० ते २०२२ मध्ये दुसऱ्यांदा, सुटे कार्ड छापील किमतीला मिळेनासे झाले. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमने आपली पद्धत बदलली तेव्हा कोठे हा दाब उतरला. त्या टंचाईत कार्डासकट तयार संगणक घेणे हाच कित्येकांना कार्ड मिळवण्याचा मार्ग उरला होता. ज्या ‘ब्रँडेड’ला आपण महाग म्हणून नाकारत आलो, तो नव्या वेषात परतला : भाग निवडा, आम्ही जोडू, तपासू, एकाच बिलावर घरपोच पाठवू. आता २०२५ च्या अखेरीपासून कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांनी मेमरीचे उत्पादन ओढून घेतल्यामुळे मेमरीचे भाव चढले आहेत, आणि सुटी मेमरी घेणाऱ्यापेक्षा आधी साठा करून ठेवलेल्या जोडणीदाराकडून तयार यंत्र घेणारा काही वेळा फायद्यात राहतो. जोडणी स्वतः केली की स्वस्त पडते, हे सूत्र नेहमीच खरे असते असे समजू नये.

मग साठ हजार रुपये घेऊन निघालेल्या कुटुंबाने कागद कसा वाचावा? प्रथम अंकगणित. संगणकावर १८ टक्के वस्तू-सेवा कर आहे. साठ हजारांत तो धरला तर यंत्राच्या वाट्याला ५०,८४७ रुपये येतात, उरलेले ९,१५३ कराचे. जाहिरातीतली किंमत कर धरून आहे की वगळून, मॉनिटर तिच्यात आहे का, विंडोजचा परवाना आहे का, हे तीन प्रश्न बाकी सर्व प्रश्नांच्या आधी येतात. पुष्कळ आकर्षक आकडे ह्या तिन्हींना वगळूनच आकर्षक झालेले असतात. मॉनिटर घ्यावा लागणार असेल तर त्याचे पैसे आधी बाजूला ठेवावेत. साध्या २४ इंची, १९२० बाय १०८० ठिपक्यांच्या पडद्यासाठी मध्यम कार्ड पुरते. त्याहून दाट पडद्याची हौस ह्या बजेटात कार्डाच्या जिवावर उठते.

उरलेल्या रकमेतला तिसऱ्या हिश्शाहून अधिक, चाळीस टक्क्यांपर्यंत, वाटा कार्डावर गेला तर तो उधळपट्टी नाही. हाच तो जुन्या कोटेशनातला उलटा करायचा क्रम. सहा गाभ्यांची मध्यम चकती खेळाला बहुधा पुरेशी असते. ‘आय सेव्हन’ ह्या दोन शब्दांसाठी कार्डातले पैसे काढू नयेत. ह्या दोन शब्दांची लक्षणा पेंटियमहून अधिक फसवी आहे, कारण पहिला आय सेव्हन २००८ चा आहे आणि नाव तेच राहून पिढ्या बदलत गेल्या. कंपन्यांनी मोडीत काढलेल्या कार्यालयीन यंत्रांत एखादे जुने कार्ड बसवून ‘आय सेव्हन, १६ जीबी, गेमिंग’ म्हणून विकण्याचा प्रकार सर्वत्र चालतो. त्यातली चकती २०१२ ची असू शकते. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ साधारणपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासूनची चकती मागते. म्हणून पिढीचा आकडा विचारल्याशिवाय नाव ऐकून घेऊ नये.

कार्डाच्या नावापुढचा जीबीचा आकडाही जपून वाचावा. २०१६ मध्ये जीटीएक्स १०६० हे कार्ड ३ आणि ६ जीबी अशा दोन रूपांत निघाले. फरक केवळ मेमरीचा वाटे, पण लहान रूपात गणन करणारे गाभेही कमी होते. आरटीएक्स ३०५० च्या २०२२ च्या ८ जीबी रूपाच्या आणि २०२४ च्या ६ जीबी रूपाच्या बाबतीत तेच घडले : २५६० गाभ्यांऐवजी २३०४. जीफोर्स ४ एमएक्सची परंपरा खंडित झालेली नाही. मेमरीची ओळ ‘१६ जीबी’ एवढीच असेल, तर ती एका पट्टीत आहे की दोन हे विचारावे. आठ-आठच्या दोन पट्ट्या असल्या की चकतीला दोन वाटांनी माल मिळतो आणि खेळात फरक जाणवतो. जोडणीदार एकच पट्टी घालून काही रुपये वाचवतात. विजेच्या डब्याचे नाव आणि मॉडेल लिहिलेले नसेल, तर तो कागद परत करावा. ‘८० प्लस’चा शिक्का २००४ पासून चालू आहे, पण तो वीज वाया किती जाते एवढेच सांगतो, दाब चढला तर डबा काय करील हे त्यावरून कळत नाही. काही मोठ्या कंपन्यांच्या तयार यंत्रांत मदरबोर्ड आणि विजेचा डबा स्वतःच्याच मापाचे असतात. चार वर्षांनी बदलायचे म्हटले तर बाजारातला भाग तेथे बसत नाही.

ज्याला आम्ही व्यंजना म्हणू ती आता कॅबिनेटवर आली आहे. काचेची बाजू, आत रंग बदलणारे दिवे, आणि ‘गेमिंग’ हा शब्द. दिव्यांविषयी आमचा आकस नाही, पण समोरून बंद काच असलेली पेटी श्वास घेऊ शकत नाही. सांगलीचा उन्हाळा आणि हळदीच्या पेठेची बारीक पिवळी धूळ ज्यांनी पाहिली आहे, त्यांना पुढे जाळी आणि धुता येणारी गाळणी असलेली पेटी का हवी हे सांगावे लागणार नाही. साताऱ्याला धूळ कमी, पावसाळी दमट हवा अधिक. तेथे यंत्र भिंतीला चिकटवून न ठेवणे एवढे पाळले तरी पुष्कळ. कृष्णाकाठच्या घरांना आणखी एक जुना धडा आहे. २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर ज्यांनी पाहिले, त्यांनी पेटी टेबलावर ठेवावी, टेबलाखाली नव्हे. २०१९ च्या ऑगस्टात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते आणि तळमजल्यांवर जे होते ते सर्व गेले. पाण्याने झालेले नुकसान वॉरंटीत सहसा धरत नाहीत.

वॉरंटी हा ह्या सगळ्यातला सर्वांत कमी वाचला जाणारा मजकूर. गावात जोडलेल्या यंत्रात प्रत्येक भागाची मुदत वेगळी : डबाबंद चकतीला बहुधा तीन वर्षे, कार्डाला बहुधा तीन, फुटकळ भागांना एक, आणि प्रत्येकासाठी वेगळ्या कंपनीचे दार. जुळवून आलेल्या यंत्रात दार एकच, पण ते पुण्यात किंवा बेंगळुरूत असते, आणि पेटी पाठवण्याचा खर्च कोणाचा हे बारीक अक्षरांत असते. जुन्या दुकानातला स्क्रू-ड्रायव्हरवाला मुलगा येथे नाही. म्हणून पक्के बिल घ्यावे, आणि त्यावर ‘संगणक संच – १’ अशी एकच ओळ असेल तर प्रत्येक भागाचे नाव, मॉडेल व अनुक्रमांक असलेली पुरवणी सही-शिक्क्यानिशी मागून घ्यावी. विक्रेता बंद पडला किंवा दाद देईना, तरी अनुक्रमांकाच्या आधारे पुष्कळदा भाग बनवणाऱ्या कंपनीकडे थेट जाता येते. कच्च्या बिलावर करापुरते पैसे सोडून देण्याची सवलत ह्या भागात अजूनही पुढे केली जाते. नऊ हजार वाचतात, आणि तीन वर्षांची सगळी दारे बंद होतात.

अलीकडे आमच्या पाहण्यात जी कोटेशने येतात, त्यांत ग्राफिक्स कार्डाची ओळ पहिल्या किंवा दुसऱ्या क्रमांकावर सरकली आहे. विजेच्या डब्याचेही नाव बहुधा लिहिलेले असते. मथळ्याखाली वापराचा हेतू लिहायची एक जागा काही दुकानदार ठेवतात. तेथे ‘गेमिंग’ क्वचितच आढळते. बहुतेक कागदांवर ‘व्हिडिओ एडिटिंग’ असे लिहिलेले असते.